घरात कोण कोण राहतं?

आमच्या घरी अक्षरओळख पत्रकांवरून झाली. आई नागपुरात बांधकामावरच्या बायकांच्या संघटनेचं काम करायची, आणि छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे ओट्याखाली, पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेले असायचे. शाळेतून आलो की ताई आणि मी घड्या घालायला बसायचो. मी स्वतःहून वाचलेले पहिले शब्द 'जाहीर निषेध' हे होते. अन्याय दिसला की त्याचं नाव घ्यायचं, ते छापायचं आणि काम सुटायच्या वेळेला साइटच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, इतकं सरळ जग मला शिकवलं गेलं. त्यावर माझा अजूनही विश्वास आहे. पण ज्या कायद्याला गेटच नाही, त्याच्यासमोर उभं कुठे राहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात आम्ही तिघं राहत होतो. ताई औषधांच्या कंपनीत, भाऊजी सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी. मी शिकायला आले, एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागले आणि त्यांच्याकडेच राहिले. एका संध्याकाळी ताईला ॲरिझोनातून फोन आला. तिथे चँडलरला आमची मामेबहीण राहायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात गेला होता. त्यानंतर तिचं मन आजारी पडलं हे आम्हाला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. त्या दिवशी ती मुलीला शाळेतून आणायला गेलीच नाही. शाळेने फोन केले, मग पोलीस घरी गेले. ती पलंगाच्या कडेला बसून होती, बोलत नव्हती, बहुतेक जेवलीही नव्हती. तिला हॉस्पिटलात नेलं. आणि दुसरीतली तिची मुलगी एका पिशवीत कपडे घेऊन अनोळखी बाईंच्या घरी गेली, सरकारने नेमलेल्या तात्पुरत्या घरात. इथे त्याला फॉस्टर केअर म्हणतात.

फोन करणारी बाई त्या मुलीची केसवर्कर होती, म्हणजे तिचं प्रकरण सांभाळणारी सरकारी कर्मचारी. कुणी नातेवाईक आहेत का, असं ती विचारत होती.

"आहोत ना," ताई म्हणाली. "मी मावशी आहे तिची. मी आत्ता तिकीट काढते. शुक्रवारी येते, रविवारी घेऊन जाते."

केसवर्कर शांतपणे म्हणाली, तसं करता येणार नाही.

भेटायला जरूर या, ती म्हणाली. पण मूल आता ॲरिझोना राज्याच्या ताब्यात आहे, आणि तुम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहता. राज्यांनी आपसात केलेला एक करार आहे, आणि प्रत्येक राज्याने त्याचा कायदा केला आहे. इथलं ऑफिस तिथल्या ऑफिसला कागद पाठवणार, ते तुमच्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, पाठवणार, काउंटीचं माणूस तुमचं घर तपासणार, आणि होकार त्याच वाटेने परत येणार. तो येईपर्यंत मुलीला राज्याबाहेर ठेवता येत नाही. न्यायाधीशांनाही नाही.

फोन ठेवल्यावर भाऊजी म्हणाले, "यार, आपण भाचीला घरी आणतोय. बंदूक नाही आणत."

"बंदूक आणायला इतकं लागत नाही," मी म्हणाले.

ताई हसली नाही. ती वरच्या रिकाम्या खोलीत जाऊन इस्त्रीचे कपडे उचलायला लागली होती.

*

दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. ज्या बाईंकडे ती होती, त्या बऱ्या होत्या, साठीच्या आसपास. टॅबलेट तिच्या हातात देऊन त्या बाजूला व्हायच्या. मुलगी टॅबलेट मांडीवर ठेवायची, त्यामुळे आम्हाला तिची हनुवटी आणि मागे छताचा पंखा दिसायचा. ताई मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"जेवलीस का ग?"

"येस."

"काय जेवलीस?"

"फूड."

यावर भाऊजी मोठ्याने हसायचे, तिला हसवण्यासाठी. पंख्याखालची हनुवटी हलायची नाही.

त्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, शाळेची उन्हाळ्याची सुट्टी लागली की लगेच. तोपर्यंत मुलगी त्यांच्याकडे राहू शकत होती. त्यानंतर दुसरं घर, बहुतेक दुसऱ्या गावात, दुसरी शाळा. म्हणजे कागदांना सुट्टीच्या आत तो सगळा प्रवास करून यायचं होतं. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. ताई ऑफिसात मीटिंगमध्येही फोन उलटा ठेवायची नाही. मी लायब्ररीत पुस्तकं लावताना खिशावर हात ठेवून असायची.

काउंटीची तपासनीस बाई आली, तेव्हा ताईने पोहे केले होते. बाईने नम्रपणे नाही म्हटलं, फक्त पाणी घेतलं. आम्हा तिघांचे बोटांचे ठसे आधीच झाले होते. तिने खिडक्या उघडून पाहिल्या, धूर झाला की वाजणारा अलार्म वाजवून पाहिला, देवघरातल्या काडेपेटीकडे बोट दाखवून ती वर ठेवायला सांगितली. मग म्हणाली, "मुलगी कुठे झोपणार, ते दाखवा."

"माझ्याजवळ," ताई अभिमानाने म्हणाली. "नवीन जागा, घाबरेल ती. एकटीला नाही झोपवणार आम्ही."

"मी हॉलमध्ये झोपेन," भाऊजींनी भर घातली. "नो प्रॉब्लेम."

बाईचं पेन थांबलं. मुलीला स्वतःचा पलंग लागतो, ती म्हणाली. तो पाहिल्याशिवाय मी पुढे काही लिहू शकत नाही. ताईचा चेहरा असा झाला, जणू तिने मुलीला अंगणात झोपवायचं ठरवलं होतं आणि तेच पकडलं गेलं.

मी तेवढ्यात बाईला गाठलं. असल्या कायद्याची गरजच काय, असं मी तिला तोंडावर विचारलं. माझ्या आवाजात गेटवरचा आवाज आला असणार, कारण भाऊजी मला डोळ्यांनी खुणावत होते.

तिला राग आला नाही. ती म्हणाली, "पूर्वी मुलांना परराज्यात पाठवून द्यायचे आणि मग विसरून जायचे. या राज्याला वाटायचं ते बघतील, त्या राज्याला माहीतच नसायचं की मूल आपल्याकडे आलंय. त्यांना कुणी भेटायला जायचं नाही. मी जाते."

यावरचं उत्तर मला नंतर सुचलं. भेटायला जायला हवं हे मान्य, पण पोचायच्या आधी मुलाने जे दिवस वाट बघण्यात काढायचे, त्याची जबाबदारी दोन्हीपैकी कुठल्या राज्याची? पण तोपर्यंत तिची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

"पोह्यांना हात लावला नाही तिने," ताई म्हणाली. "नापास केलं आपल्याला."

त्याच संध्याकाळी पलंग आला. भाऊजींनी तो जोडला, शेवटी हातात एक स्क्रू उरला आणि त्यावरून दोघांचं भांडण झालं. पुढच्या रविवारी आम्ही मुलीला पलंग दाखवला. तिने पहिल्यांदा टॅबलेट उचलून चेहऱ्यासमोर धरला.

"इज इट ओन्ली माइन?"

"फक्त तुझा," ताई म्हणाली. आणि फोन माझ्या हातात देऊन खोलीबाहेर गेली.

बाई पुन्हा आली, पलंग पाहिला, दाबून पाहिला. या वेळी तिने चहा घेतला. आता फक्त लिहायचं राहिलंय, मला काही अडचण दिसत नाही, असं म्हणाली. आम्ही त्या दिवशी बाहेर जेवायला गेलो.

*

अडचण आम्हीच विमानतळावरून घरी आणली.

मुलगी शाळेतून तीनला येणार, आम्ही तिघं सहाला. या प्रश्नावर आमच्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं. बाळ होणार असो, ऑपरेशन असो, नवीन घर असो, नागपूर-पुण्याहून आईवडील सहा महिने येतात. कॅरीतल्या बागेत संध्याकाळी पाहिलं, तर साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेल्या किती तरी आज्या बाबागाड्या ढकलत असतात. आईकडे व्हिसा होताच. तिने फोनवर विचारलं नाही, सांगितलं, "मी येऊन राहिली. पोट्टीला घरात कोणी तरी दिसलं पाहिजे." मुलीची आई तिच्या सख्ख्या भावाची लेक. भाऊ आता नव्हता, वहिनी अंथरुणाला खिळलेली. आपण नाही गेलो तर कोण जाणार, हे तिचं नेहमीचं वाक्य, आणि त्यात आमच्यापैकी कुणाला काही वावगं दिसलं नाही.

आई आली. संत्रा बर्फी, मुलीसाठी दोन फ्रॉक आणि कुठल्या तरी सभेची पत्रकं, माझ्यासाठी. भाऊजी इतके खूश, की त्यांनी तपासनीस बाईला आपणहून फोन लावला. स्पीकरवर.

"गुड न्यूज!" ते म्हणाले. "मुलीची आजी आलीय इंडियातून. आता घरात पूर्ण वेळ माणूस आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"त्या तुमच्याकडे राहणार आहेत?"

"ऑफ कोर्स. सहा महिने."

मग तिने समजावून सांगितलं. घरात राहणारा प्रत्येक मोठा माणूस तपासावा लागतो. आता घरात चार मोठी माणसं. ठसे लागतील, आणि त्या जिथे राहत होत्या तिथल्या पोलिसांचा दाखलाही. ते आल्याशिवाय अहवाल पाठवता येणार नाही. आणि त्यांना कधी अटक झाली आहे का?

भाऊजींनी फोनवर हात ठेवून आईकडे पाहिलं. "आई, विचारतायत, तुम्हाला कधी अटक..."

"कितींदा, ते विचारून राहिली का?" आई म्हणाली.

खरं तर हसायला यायला हवं होतं. आम्ही लहानपणी आईच्या अटकांवर दिवाळीच्या गोष्टींवर हसावं तसे हसायचो. धरणं, रास्ता रोको, एकदा मंत्र्याच्या गाडीसमोर आडवं पडणं. बहुतेक वेळा संध्याकाळी सोडून द्यायचे. पण एक केस अजून नागपूरच्या कोर्टात पडून होती, आणि ती निकाली निघेपर्यंत 'गुन्हा नाही' असा पोलिसांचा दाखला मिळणं कठीण, हे घरात सगळ्यांत आधी आईलाच कळलं. ती पाण्याचा ग्लास घेऊन गपचूप बसली. मी तिला गपचूप बसलेलं फार कमी पाहिलंय.

फोन संपल्यावर भाऊजी म्हणाले, "सांगून टाकू, आई परत गेल्या म्हणून."

"आणि बाई अचानक आली तर?" ताईने विचारलं. "आईला कुठे ठेवायचं, बेसमेंटमध्ये?"

"आपल्याकडे बेसमेंट नाहीये यार."

"तेच सांगतेय मी!"

"खोटं सांगायचं नाही," मी म्हणाले. "आणि अटकही लपवायची नाही. तिने काय चोरी केली होती?"

"तुला सांगायला काय जातंय?" ताई माझ्यावर उसळली. "तुला सगळ्याचा मोर्चा करायचा असतो. पोरीला सुट्टी लागतेय!"

दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात त्या, स्वतःहून विचारलं, "आईंना आमच्याकडे झोपायला पाठवा ना. दिवसा तुमच्याकडे, रात्री आमच्याकडे." आम्ही तेही बाईला सरळ विचारलं. ती म्हणाली, दिवसभर मुलीला त्याच सांभाळणार असतील तर तपासणी लागेलच, झोपायला कुठे जातात त्याने फरक पडत नाही. शाळेनंतर मुलांना सांभाळणारी परवानाधारक जागा चालेल. तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पत्र लिहायला बसले. दोन्ही राज्यांच्या ऑफिसांना, न्यायाधीशांना, वर्तमानपत्राला. मुलीची वाट बघणं तुमच्या कुठल्याच रकान्यात का नाही, असं मी विचारलं. कष्टकरी बायकांसाठी रस्त्यावर बसलेली बाई तुम्हाला धोकादायक वाटते, तर तुमची धोक्याची कल्पनाच तपासा, असं लिहिलं. चांगलं झालं होतं पत्र. आईला वाचून दाखवलं, इंग्रजीतून मराठी करत. तिने माझी पत्रकं नेहमी अशीच ऐकली आहेत, डोळे मिटून, एका हाताने गुडघा चोळत.

"बरं लिहिलंस," ती म्हणाली. "कोणाच्या हातात देशील?"

"सगळ्यांना पाठवीन."

"हातात, म्हटलं मी. आम्ही पत्रक काढायचो तेव्हा आधी ठरवायचो, कोणत्या गेटवर, कोणत्या वेळेला, कोण घेईल. इथे कोण घेणार? ती बाई? तिच्या हातात हे दिलं तर पोट्टी सुट्टीच्या आत येते का?"

मी कागदाची घडी घातली.

"मग ठेव हे. फाडू नको. ती आल्यावर पाठव, तेव्हा जोर लाव. आता घरात माणसं किती, एवढंच बघून राहिलेत ते. एक कमी झालं की झालं."

"तू येऊन तीन आठवडेही नाही झाले, आई."

"मी कुठे मोजून राहिली?"

परतीचं तिकीट तिने ताईकडून त्याच दुपारी बदलून घेतलं. दोन्ही फ्रॉक नव्या पलंगावर पसरून ठेवले, उशी सरळ केली, मग पुन्हा वाकडी केली. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेकडे बघून म्हणाली, "इतक्यांदा पोलिसांनी उचलून नेलं. आज पहिल्यांदा आपल्या पायाने चालली बघ." भाऊजींनी तिला वाकून नमस्कार केला. एरवी ते टाळतात.

*

अहवाल निघाला. आमच्या काउंटीतून आमच्या राज्याच्या ऑफिसात, तिथून ॲरिझोनाच्या ऑफिसात, आणि तिथे अडकला. कुणी तरी रजेवर होतं, म्हणे. ताई रोज फोन करायची. सुट्टी लागली. मुलगी ज्यांच्याकडे होती, त्या बाईंचं ऑपरेशन झालं.

त्या रविवारी कॉल लागला, तेव्हा छत वेगळं होतं. पंखा नव्हता. एक गोल दिवा होता आणि मागे कुठे तरी कुत्रं भुंकत होतं. ताईने विचारलं, "जेवलीस का?" उत्तर आलं नाही. भाऊजी हसले नाहीत.

"आर यू स्टिल कीपिंग इट?" मुलीने विचारलं.

"काय, बेटा?"

"द बेड."

होकार त्यानंतर आला. किती दिवसांनी, ते मी लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याला ते थोडेच वाटतील. ताई एकटीच गेली आणि तिला घेऊन आली. दारात मुलीने बूट काढले आणि विचारलं, पाणी घेऊ का? फ्रिज उघडू का? बाथरूमचा दिवा लावू का? पहिले काही आठवडे आमचं घर प्रश्नांनी भरून गेलं, आणि सगळे परवानगीचे.

कायदा तिथे संपत नाही. मुलीवर अधिकार अजून ॲरिझोनाचा आहे. तिची आई बरी होतेय, फोनवर हळूहळू बोलते. कोर्टाची पुढची तारीख लागली की मुलीचं काय ते ठरेल. तोवर तीच तपासनीस बाई दर महिन्याला येते. मुलीला विचारते, "तुझी झोपायची जागा दाखवतेस?" मुलगी नेऊन दाखवते. बाई प्रेमाने विचारते, पण त्यामुळे एक झालंय. दाराची बेल वाजली की मुलगी हातातलं सोडून वर पळते आणि पलंगावर जाऊन बसते. पाठ ताठ, हात मांडीवर. पिझ्झावाला असो, शेजारच्या काकू असोत. आम्ही सांगून पाहिलं. ती मान हलवते आणि पुढच्या बेलला पुन्हा पळते.

माझं पत्र मी पाठवलं. मुलगी आली त्याच आठवड्यात. अजून उत्तर नाही. दुसरं लिहितेय, त्यात ही बेल आहे.

पानं गळायला लागली तेव्हा आई पुन्हा आली. या वेळी ताईने आधी बाईला विचारलं. थोड्या दिवसांची पाहुणी चालेल, ती म्हणाली, मुलीला एकटीने सांभाळायचं नाही आणि जायची तारीख आधी कळवायची. आयुष्यात पहिल्यांदा आईने लेकीकडे जाताना परतीचं तिकीट आधी दाखवलं.

भाऊजी गाडीतून सामान काढत होते. आईने स्वतःच बेल वाजवली. मी दार उघडेपर्यंत जिन्यावर पावलं वाजली होती.

आईने मला जवळ घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि काही न विचारता वर गेली. मी मागे. मुलगी पलंगावर बसली होती, पाठ ताठ. आई खोलीच्या दारातच थांबली.

"आर यू चेकिंग?" मुलीने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मराठी केलं.

"नाही ग," आई म्हणाली. "मी नाही तपासत. मलाच तपासणार होते."

मुलीला मराठी समजतं. बोलत नाही, एवढंच. तिने थोडा विचार केला.

"डिड यू पास?"

"परीक्षाच नाही दिली. घरी निघून गेली."

"व्हाय?"

खालून ताईची हाक आली, चहा होतोय. आईचे गुडघे प्रवासाने आखडले होते, तिने चौकटीला हात टेकला होता. मुलीने ते पाहिलं. ती पलंगावर भिंतीकडे सरकली. थोडंसंच, एका माणसापुरतं.